उताराचं वर्गीकरण

नोव्हेंबर उजाडला की आईला बँकेत न्यायचं असतं, हयातीचा दाखला द्यायला. हल्ली तो घरबसल्या मोबाइलवरूनही देता येतो, हे मी तिला सांगून पाहिलंय. पण पेन्शनीच्या रांगेत तिच्या शाळेतल्या जुन्या शिक्षिका भेटतात, वर्षभराच्या गोष्टी होतात, कोण आजारी आहे आणि कोण गेलं ते कळतं. ते ती सोडणार नाही. बँक घरापासून तीनशे मीटरवर आहे. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून आई वॉकर घेऊन चालते, आणि घरात, सोसायटीच्या आवारात अगदी नीट चालते. फाटकाबाहेर पडलो की मात्र आम्ही दोघी डांबरी रस्त्याच्या कडेने जातो. डाव्या हाताला नवाकोरा फुटपाथ, उजव्या हाताला पाठीमागून येणाऱ्या मोटारी.

गेल्या वर्षी बँकेतून परतल्यावर तिने शिवणाच्या डब्यातली टेप काढून माझ्या हातात दिली. "मोजून तरी ये, किती उंच आहे ते."

मी मोजून आले. कोपऱ्यावर कर्बची, म्हणजे फुटपाथच्या कडेच्या दगडाची, उंची २८ सेंटीमीटर. आमच्या जिन्याची पायरी १६ सेंटीमीटरची आहे. तीनशे मीटरमध्ये फुटपाथ नऊ वेळा खाली उतरत होता आणि नऊ वेळा वर चढत होता, प्रत्येक सोसायटीच्या फाटकाशी एकदा. मध्ये विजेचा एक डीपी बॉक्स, दोन झाडं, एक झाकण मोडलेलं चेंबर. दृष्टिहीनांना पायाखाली वाट कळावी म्हणून घातलेल्या पिवळ्या उठावाच्या फरशा सरळ त्या डीपीच्या पत्र्यापर्यंत जात होत्या आणि तिथेच संपत होत्या. या फुटपाथचे ब्लॉक सहा वर्षांत दुसऱ्यांदा बदलले होते. म्हणजे या तीनशे मीटरसाठी पैसा आला होता, दोनदा आला होता, आणि दोन्ही वेळा आई रस्त्यावरच राहिली होती.

ती मापं कागदावर लिहून मी आमच्या क्षेत्रीय कार्यालयात गेले. तिथले कनिष्ठ अभियंता तरुण होते, ऐकून घेणारे होते. त्यांनी फाइल उघडून मला कामाचं पूर्वगणनपत्रक, म्हणजे खर्चाचा आधी केलेला अंदाज, दाखवलं. जुने ब्लॉक काढणे, भराव, नवे ब्लॉक, कर्बस्टोन, रंग. प्रत्येक ओळीपुढे परिमाण, दर, रक्कम.

"ताई, यात रॅम्पचा आयटमच नाही. आयटम नाही तर ठेकेदार करणार नाही. आणि त्याने केलंच, तरी एमबीत मी काय लिहू? त्याचं बिल निघायचं नाही."

"मग आयटम घाला."

"वर्क ऑर्डर गेली की. पैसे तेवढेच आहेत. दुसऱ्या कुठल्या कामातून वर्गीकरण करून मिळालं, तर बघता येईल."

एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका. काम झाल्यावर अभियंता जागेवर जाऊन मोजतो, तिच्यात नोंद करतो, आणि त्या नोंदीवर ठेकेदाराचं बिल निघतं. या साध्या वहीचं महत्त्व मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आईच्या पायांसाठी काय व्हायला हवं हे कायद्यात लिहिलेलं आहे, धोरणांत आहे, न्यायालयांच्या निकालांत आहे. पण रस्त्यावर जे होतं ते एमबीत बसेल तेवढंच होतं.

दुसरा शब्द वर्गीकरण. अंदाजपत्रकात एका कामासाठी ठेवलेली रक्कम दुसऱ्या कामाकडे वळवण्याला महापालिकांच्या कारभारात वर्गीकरण म्हणतात. पुण्यातल्या वर्तमानपत्रांच्या वाचकांना तो सवयीचा आहे. नगरसेवकांनी सुचवलेली प्रभागातली कामं तिथे 'स' यादीत येतात, आणि वर्ष संपत आलं की या कामातली रक्कम त्या कामाला वळवण्याचे प्रस्ताव स्थायी समितीपुढे येऊ लागतात. बहुतेकदा या बातम्या तक्रारीच्या सुरात लिहिलेल्या असतात आणि त्या सुराला कारण असतं. तरी मला त्या शब्दात एक आशा दिसली. सार्वजनिक पैसा एकदा ठरला की दगडावरची रेघ होत नाही, तो वळतो. आजवर तो बाकडी, कमानी, नामफलक यांच्याकडे वळलेला आपण पाहिला. तो उताराकडे वळवायचा झाला तर कुठून, किती आणि कोणत्या क्षणी वळवायचा, याचा शोध मी वर्षभर घेतला. हा लेख त्याचाच आहे.

आधी उताराचं गणित सांगायला हवं, कारण ते न कळल्यामुळे चांगल्या मनाने खर्च केलेले पैसेही वाया जातात. व्हीलचेअरसाठीचा उतार एकास बारा लागतो: एक सेंटीमीटर चढायला बारा सेंटीमीटर लांबी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेनुसार, म्हणजे आयआरसी १०३ नुसार, कर्बची उंची १५० मिलिमीटरहून जास्त नसावी. तेवढ्या उंचीला १.८ मीटर लांबीचा उतार पुरतो. आमच्या कोपऱ्यावरच्या २८ सेंटीमीटरला तो साडेतीन मीटरच्या जवळ जातो, आणि तिथला फुटपाथच दीड मीटर रुंद आहे. मग ठेकेदार काय करतो? सिमेंटची एक घसरगुंडी लावून देतो. तिच्यावरून वॉकर चढत नाही, आणि खुर्ची उतरताना पुढे कोसळते. फोटोत मात्र रॅम्प दिसतो आणि कागदोपत्री काम पूर्ण होतं.

अरुंद फुटपाथवरचा उपाय वेगळा आहे. उतार चिकटवायचा नाही, कोपऱ्याशी सगळा फुटपाथच हळूहळू रस्त्याच्या पातळीला आणायचा. फाटकांशी याच्या उलट: फुटपाथ सपाट ठेवायचा आणि मोटारीने थोडं चढून उतरायचं. ती यंत्राने चालते, तिला त्याचा त्रास नाही. उताराच्या तोंडाशी पावसाचं पाणी साचतं, म्हणून जाळी आधी वरच्या अंगाला हवी. ठिपक्यांची फरशी म्हणजे थांब आणि रेषांची म्हणजे सरळ चल, एवढी ओळख ब्लॉक बसवणाऱ्या गवंड्याला करून दिली, तर डीपीवर नेऊन आपटणाऱ्या रेषा होणार नाहीत. या कशालाही वेगळी योजना लागत नाही. ब्लॉक तसेही उखडायचे असतात, कर्ब तसाही बसवायचा असतो. तो २८ सेंटीमीटरवर बसवायचा की १५ वर, हा पैशापेक्षा रेखाचित्राचा प्रश्न जास्त आहे. उंच कर्बची बाजूही मी अभियंत्यांकडून ऐकली. उंची कमी केली की दुचाक्या चढतात. ते खरं आहे. पण दुचाकीस्वाराच्या बेशिस्तीची शिक्षा वॉकरवाल्या बाईने भोगावी हे मला मान्य नाही. दुचाकी अडवायला खांब लावता येतात, फक्त दोन खांबांमधून खुर्ची जाईल असे. हे भानही सुटतं. मुंबईत फुटपाथांच्या तोंडाशी खांब इतके जवळजवळ लावले की व्हीलचेअर आतच जाईना. २०२३ मध्ये व्हीलचेअर वापरणाऱ्या एका नागरिकाने त्याबद्दल उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींना ई-मेल लिहिली आणि न्यायालयाने ती आपणहून याचिका म्हणून दाखल करून घेतली. त्या खांबांवरही पैसा खर्च झालाच होता.

आता पैसा वळवण्याची मला माहीत असलेली सगळ्यात ठोस गोष्ट. ती अमेरिकेतली आहे. मुलांकडे कॅलिफोर्नियात जाऊन आलेली आपली मंडळी तिथल्या फुटपाथांचं कौतुक करतात. प्रत्येक कोपऱ्यावर उतार, त्यावर ठिपक्यांची पट्टी, बाबागाडी सरळ खाली उतरते. तिथल्या लोकांची शिस्तच तशी, असं त्यावर म्हटलं जातं. पण हे उतार शिस्तीतून आले नाहीत. ते मागून, भांडून घेतलेले आहेत.

कॅलिफोर्नियाची राजधानी सॅक्रामेंटो. १९९९ मध्ये तिथल्या अपंग रहिवाशांनी शहरावर दावा लावला. फुटपाथावर उतार नाहीत, वाटेत खांब आणि मोडतोड, म्हणून आम्हाला वाहनांच्या रस्त्यावरून जावं लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं. अपंगांना समान हक्क देणारा कायदा १९९० पासून होता. शहराची कोणतीही सेवा किंवा कार्यक्रम अपंगांना बंद असता कामा नये असं तो सांगत होता. शहराने बचाव केला की फुटपाथ ही सेवा नाही आणि कार्यक्रमही नाही, ती फक्त एक बांधलेली वस्तू आहे. खालच्या न्यायालयाला हे पटलंसुद्धा. २००२ मध्ये अपील न्यायालयाने ते फिरवलं: फुटपाथ बांधणं आणि राखणं हे शहराचं नेहमीचं काम आहे, म्हणून कायदा त्याला लागू होतो. शहर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, तिथे प्रकरण ऐकायला नकार मिळाला, आणि २००४ मध्ये समझोता झाला. शहराने आपल्या वाहतूक निधीतले दर वर्षी २० टक्के, तीस वर्षांपर्यंत, फुटपाथ आणि उतारांसाठी द्यायचे.

या समझोत्यात नवा कर नव्हता, कोणाची देणगी नव्हती. आधीच येणाऱ्या पैशातला पाचवा हिस्सा एका पिढीभरासाठी वळवला गेला. आपल्या भाषेत सांगायचं तर ते तीस वर्षांचं वर्गीकरण होतं, आणि त्यावर न्यायालयाची मोहोर होती, म्हणून पुढच्या कुठल्या नगरमंडळाला ते मार्चमध्ये परत फिरवता येणार नव्हतं. पुढे २०१६ मध्ये लॉस एंजेलिसलाही अशाच दाव्यात तीस वर्षांत सुमारे १४० कोटी डॉलर फुटपाथांवर खर्च करण्याचं कबूल करावं लागलं.

आपल्या दृष्टीने त्याहून उपयोगी मला १९९३ चा फिलाडेल्फियाचा खटला वाटतो. शहर रस्त्यांवर डांबराचे नवे थर चढवत होतं आणि कोपऱ्यांना हात लावत नव्हतं. न्यायालयाने सांगितलं की नवा थर म्हणजे रस्त्यात केलेला बदल, आणि बदल करायचा तर त्या रस्त्याच्या कोपऱ्यावर उतारही करावा लागेल. खड्डा बुजवला तर नाही, पण थर चढवला तर हो. तेव्हापासून डांबरीकरणाच्या निधीतच उताराचा पैसा धरावा लागतो. आपल्याकडे डांबराचा थर दर दोन-चार वर्षांनी चढतो. एवढी एकच अट आपल्या निविदांमध्ये आली तर दहा वर्षांत किती कोपरे होतील याचा विचार करून पाहा.

तिथे अनुदानाची वाटही आहे. १९७४ पासून अमेरिकेचं केंद्र सरकार शहरांना सामूहिक विकासाचं अनुदान देतं. त्यातला किमान ७० टक्के लाभ कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांना व्हायला हवा. नियमांनी वृद्ध आणि तीव्र अपंगत्व असलेले प्रौढ या गटातलेच गृहीत धरलेत, म्हणून त्यांच्या वाटेतले अडथळे काढणं हे अनुदानाचं मान्य काम ठरतं. शहराने खर्चाचा आराखडा आधी लोकांपुढे मांडायचा, सुनावणी घ्यायची, हरकतींना महिनाभर मुदत द्यायची. त्या सुनावणीत माणसं आपला कोपरा सांगतात. बँकेकडे जाणारा, दवाखान्याकडे जाणारा, बसथांब्याचा.

इकडे परत येते. आपल्याकडे कायदा नाही असं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे. त्यात रस्ते सुगम असण्याची तरतूद स्पष्ट आहे. मात्र त्याखालच्या नियमांत मानकं 'मार्गदर्शक' ठेवली होती. दृष्टिहीन याचिकाकर्ते राजीव रतुरी यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या लढ्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच दुखण्यावर बोट ठेवलं. सुगमतेचे नियम शिफारशीपुरते ठेवणं मूळ कायद्याच्या विरुद्ध आहे, सक्तीचे किमान नियम तीन महिन्यांत करा, असा तो निकाल. मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की वापरता येईल असा फुटपाथ मिळणं हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि तो दिव्यांगांनाही वापरता यायला हवा. जगण्याचा हक्क हे शब्द इथे अक्षरशः खरे आहेत. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालत होती.

पुण्याने तर या निकालांच्या कितीतरी आधी, २०१६ मध्ये, पादचारी धोरण स्वीकारलं आणि रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वंही केली. जंगली महाराज रस्त्याचा नव्याने केलेला रुंद फुटपाथ त्या विचारातून आला. तिथे संध्याकाळी आजी-आजोबा बाकांवर बसलेले आणि लहान मुलं धावताना मी पाहिली आहेत, आणि मला तो रस्ता फार आवडतो. पण असा एक रस्ता बांधणं म्हणजे एक प्रकल्प असतो, त्याला वेगळी रक्कम असते, उद्घाटन असतं. आमच्या गल्लीतल्या तीनशे मीटरला उद्घाटन होणार नाही. त्याला लागतो तो नेहमीच्या कामातला नेहमीचा पैसा.

तो कुठे आहे? गावांपासून सुरू करते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानाचे दोन भाग केले: ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच, आणि ४० टक्के अबंधित, म्हणजे पगार आणि आस्थापना सोडून गावाच्या गरजेप्रमाणे. अबंधित हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. शाळेच्या, आरोग्य उपकेंद्राच्या, रेशन दुकानाच्या दारातली पायरी उताराची करायला अशा पैशात कुणाची मनाई नसते. फक्त आराखडा ठरतो त्या ग्रामसभेत ते कोणीतरी बोलायला हवं. आणि ज्याला त्या पायरीचा त्रास आहे, तो बहुतेकदा ग्रामसभेच्या पायरीशीच अडलेला असतो.

दहा लाखांवरच्या शहरांची वाट वेगळी आहे, आणि ती मला अगदी अनपेक्षित सापडली. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांना याच आयोगाने हवा स्वच्छ करण्यासाठी पैसे दिले. हवेतल्या धुळीचा मोठा भाग रस्त्याच्या कडेच्या उघड्या मातीतून उडतो, म्हणून रस्ता एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फरसबंद करणं हे धूळ कमी करण्याचं मान्य काम आहे. म्हणजे स्वच्छ हवेच्या पैशातून फुटपाथ होऊ शकतात. ते करताना कर्ब १५ सेंटीमीटरवर ठेवला आणि कोपरा उतरवला, तर त्याच धुळीच्या पैशात आईची वाट होते.

तिसऱ्या निधीबद्दल मात्र मला सावधपणे लिहायचं आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांच्या कल्याणासाठी राखून ठेवायचे असतात. पूर्वी ते ३ टक्के होते. फुटपाथचा विषय निघाला की बैठकांत पहिलं बोट या निधीकडे जातं: तुमचाच निधी आहे, त्यातून करा रॅम्प. ऐकायला हे सोपं वाटतं, पण मला ते अन्यायाचं वाटतं. त्या पैशातून कुणाला तीनचाकी मिळायची असते, कुणाला कृत्रिम पाय, कुणाच्या उपचारांना आधार. फुटपाथ सगळ्यांचा आहे, त्याचा पैसा पथ विभागाकडे सगळ्यांच्या करातून आलेला आहे. चालणाऱ्यांच्या फुटपाथला पथ विभागाचा पैसा आणि खुर्चीवाल्याच्या उताराला त्याच्याच मदतीतून कपात, हे वर्गीकरण उलट्या दिशेचं झालं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साडेएकोणतीस लाखांवर दिव्यांग नोंदले गेले. त्या मोजणीत आई नव्हती, तेव्हा ती धावत बस पकडत होती. उतार कुणासाठी, हे आज मोजून ठरत नाही.

फेरीवाल्यांबद्दलही एवढंच सांगते. फुटपाथ मोकळे करा म्हटलं की भाजीवाली आधी उठवली जाते. माझ्या तीनशे मीटरमध्ये भाजीवाली एकच आहे आणि ती भिंतीला टेकून बसते, तिच्या पुढून वॉकर जातो. अडतो तो डीपीशी, चेंबरशी आणि फुटपाथवर चढवलेल्या मोटारीशी.

मग वळवायचा क्षण कोणता? इतक्या फिरण्यानंतर माझं उत्तर असं आहे: मार्च नव्हे, वर्क ऑर्डरनंतर तर नव्हेच. तो क्षण पूर्वगणनपत्रक लिहिलं जातं तेव्हाचा आहे. कोपरा उतरवणे, नग इतके. फाटकाशी फुटपाथ सपाट ठेवणे, मीटर इतके. उठावाच्या फरशा, अडथळ्याला वळसा घालून. या तीन ओळी तिथे आल्या तर अभियंत्याला एमबीत लिहायला जागा मिळते, ठेकेदाराला बिल मिळतं, आणि नाही केलं तर जाब विचारायला माहितीच्या अधिकारात ते पान मागता येतं.

नागरिकांना त्या पानाजवळ नेणारी एक छोटी वाट पुण्याने २००६ पासून ठेवली आहे. अंदाजपत्रक होण्याआधी प्रभागातली लहान कामं सुचवण्याचे अर्ज लोकांकडून मागवले जातात. आमच्या शहरातही आता तशा सूचना घेतात. यंदा अर्ज निघाल्यावर मी आधी त्या तरुण अभियंत्यांनाच विचारलं, कसं लिहू म्हणजे ते तुमच्या कागदात तसंच उतरेल. त्यांनी माझ्याच कागदाच्या पाठीमागे लिहून दिलं: कोपऱ्याचं ठिकाण, सध्याची उंची, हवी ती उंची, उतार, रुंदी. "'फुटपाथ सुधारणा' असं मोघम लिहू नका ताई," ते म्हणाले, "नाहीतर पुन्हा ब्लॉकच बदलले जातील."

रात्री जेवणाच्या टेबलावर मी अर्ज भरायला बसले. आई समोर टेप गुंडाळत होती. बँकेच्या अलीकडचा कोपरा, सध्याची उंची २८ सेंटीमीटर, हवी १५, उतार एकास बारा, रुंदी १.२ मीटर. मी वाचून दाखवलं. तिने चष्मा लावून ते परत एकदा स्वतः वाचलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"अगं, पलीकडच्या कोपऱ्याचं लिहिलंच नाहीस. इकडून उतरून रस्ता ओलांडला, आणि तिकडे चढता नाही आलं, तर मी उभी कुठे राहायचं?"

तो मी मोजलाच नव्हता. टॉर्च आणि टेप घेऊन मी खाली उतरले.